माझ्या उपवासांची कीर्ती

आमच्या घरात कोलंबी पोचली नव्हती अशी एकच जागा होती, ती म्हणजे देवापुढच्या समईतलं तेल, आणि त्याचीही मी शपथ घेणार नाही. ओली, सुकी, सोललेली, कुटलेली, तळलेली, आणि यातलं काहीच नसलं तर निदान वाऱ्यावर, पण ती असायचीच. आम्ही पनवेलच्या खाडीकाठचे आगरी. आज जिथं कळंबोलीचा लोखंडबाजार आहे आणि दिवसभर ट्रक मागेपुढे होत असतात, तिथं आमची खाचरं होती आणि खाचरांच्या बांधाला खाडी. छपरावर जवळा वाळत पडलेला असायचा. जवळा म्हणजे मुंगीच्या मापाची कोलंबी. देवानं मोठी कोलंबी बनवून झाल्यावर हातावरचा चुरा झटकला, त्यातून झालेली. तो वाळला की आई खलबत्त्यात कुटायची. गावात कुणाचं लग्न मोडलं तरी आमच्या खलबत्त्याचा ठेका मोडत नसे. वांग्यात सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोलंबी. शेवग्याच्या शेंगांत सोडे. वालाच्या बिरड्यात सोडे. आणि भाकरीबरोबर जवळ्याची चटणी. आमच्या कोंबड्या जवळा टिपून इतक्या माजल्या होत्या की त्यांच्या अंड्यांना आई वेगळं मीठ घालत नसे. मी सांगते त्यातलं निम्मंच खरं मानायची आमच्या गावात पद्धत आहे. तुम्हीही तेवढंच माना, पण हे कोंबड्यांचं त्या खऱ्या निम्म्यातलं आहे.

अशा घरात मी जन्मले आणि मला कोलंबी सोसेना. दुधाचे दात हलत होते त्या वयात, एका दुपारी कोलंबीचं कालवण जेवून उठले आणि ओटीवर जाईपर्यंत माझ्या तोंडाचा भोपळा झाला. अंगभर गांधी उठल्या, ओठ असे सुजले की माझ्याआधी तेच दाराबाहेर पोचले, आणि कुणी ओला पंचा पिळावा तसा गळा आतून आवळत गेला. माझा थोरला भाऊ, आमचा दादूस, शेतावरून आला आणि त्यानं आईला विचारलं की ही पाहुणी कोण. बाबांनी गाडी जुंपली आणि पनवेलपर्यंत अशी पिटाळली की त्या बैलांनी पुढे आयुष्यभर बाबांकडे सरळ बघितलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हा माझी थोरली बहीण काशी माझे पाय धरून बसली होती. श्वास मोकळा झाल्यावर डॉक्टर बाबांना म्हणाले की कोलंबी, जवळा, चिंबोरी, असलं कवचाचं काही हिच्या पोटात जाता कामा नये. पुढच्या वेळी गाडी वेळेत पोचेलच असं नाही. त्यानंतरही ते काही बोलले, पण घाबरलेल्या माणसाचे कान सोयीच्या जागी मिटतात. घरी येऊन बाबांनी जाहीर केलं की हिरूला मासळी बंद. दादूस म्हणाला, "आपले घरान बामनीन जल्मली," आणि ते नाव माझ्या लग्नापर्यंत मला चिकटून राहिलं.

बाबांची बहीण, आमची आत्या, आमच्याकडेच राहायची. हातानं मोकळी, तोंडानं तिखट, आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर तिच्याकडे स्वतःचा इलाज असायचा. तिचं म्हणणं असं की खाडीच्या मातीत जन्मलेल्या पोरीला खाडीचं सोसत नाही असं होऊच शकत नाही. अंगाला सवय लावावी लागते, चिमूट चिमूट. तेव्हा आत्यानं कुणाला न सांगता माझ्या डाळीत कुटलेल्या जवळ्याची एक चिमूट टाकली. त्या चिमटीनं मला दुसऱ्यांदा पनवेल दाखवलं. परत आल्यावर सगळ्यांत जास्त आत्याच रडली. इतकी रडली की तिला आवरायला शेजारणी आल्या, आणि जिला मरता मरता वाचवलं होतं ती मी कोपऱ्यात बसून त्यांना पाणी देत होते. तिचा हेतू सोन्यासारखा होता, आणि तोच माझ्या मनात काट्यासारखा रुतला. शत्रू असता तर त्याच्यापासून लांब बसता आलं असतं. पण जी मांडीवर घेऊन केस विंचरते तिच्याच चिमटीत मरण असेल, तर बसायचं कुठं? त्या दिवसापासून माझ्यावर माया करणारा प्रत्येक हात मी आधी हुंगला आणि मग धरला.

आता हे सांगताना हसू येतं, पण माझ्या डोक्यात तेव्हा एक चौकीच बसली होती. डोक्याचा अर्धा भाग पहाऱ्यावर, उरलेल्या अर्ध्यात शाळा, खेळ, झोप, सगळं कोंबलेलं. आईनं ज्या पळीनं सोड्याचं वांगं ढवळलं तीच पळी भातात गेली का, हे मी मान न वळवता बघायला शिकले. मला कोलंबीचा वास कशातही यायचा: खडूत, शाईत, आईच्या पदरात, देवळातल्या शिऱ्यात. खरा किती आणि भीतीचा किती, हे मलाही कळेनासं झालं. घास गिळला की मी तांब्याच्या हंड्यात ओठ बघायची. मैत्रिणींनी चिंच पुढे केली की मी पळायची, कारण त्यांनी घरी काय खाल्लंय आणि हात धुतलेत का, हे कोण सांगणार? हळूहळू त्यांनी चिंच पुढे करणं सोडलं, आणि मग मलाच. शाळेत गुरुजी भागाकार घालायचे तेव्हा माझ्या डोक्यात पळीचाच हिशोब चालू असायचा. गुरुजींनी बाबांना बोलावून सांगितलं की पोर गुणी आहे पण डोक्यानं मंद आहे. बाबांनी मान हलवली, मीही हलवली. डॉक्टरांनी तीन जिनसा बंद केल्या होत्या. मी माझ्यापुरत्या पन्नास बंद केल्या. भाताची पेज, केळं, गूळ, आणि काशीनं स्वतः भांडं घासून केलेलं काही, एवढ्यावर मी जगत होते. अंगानं इतकी बारीक झाले की वारा सुटला की आई मला दाराला बांधायची. हे मात्र दुसऱ्या निम्म्यातलं आहे.

मागच्या महिन्यात खारघरच्या एका उंच इमारतीत गेले होते. आमच्याच नात्यातली सूनबाई, तिच्या मुलाला शेंगदाणा सोसत नाही. डब्यावर चिठ्ठी, दप्तरात औषधाची सुई, शाळेत बाईंना सूचना, सगळी तयारी चोख. पण पोरगा कुणाच्या वाढदिवसाला जात नाही, आणि गणिताला बसला की नखं खातो. सूनबाई म्हणाली की अंगाचं सगळं बघितलं काकी, मनाचं बघायचं राहून गेलं. पोरानं मला बाजूला घेऊन विचारलं की तुम्हाला लहानपणी भीती वाटायची का. मी म्हटलं, बाबा, मला फक्त भीतीच वाटायची, दुसरं काही वाटायला वेळच नव्हता. तो इतका मोठ्यानं हसला की त्याची आई आतून धावत आली. त्याच संध्याकाळी मी ठरवलं की हे प्रकरण लिहायचंच.

तर उपवासांची गोष्ट. एका सोमवारी शेजारच्या घरात नामकरण होतं. पानात वांगं वाढलं, वांग्यात सोडे. नको म्हटलं की काय होतं ते मला पाठ होतं: नखरे करते, पोरीला वळण नाही, एक घास खाऊन तर बघ. घाबरून माझ्या तोंडून निघालं, "आज माझा सोमवार हाय." आणि जादू झाली. वाढणारीनं पान उचललं, हात धुतले, ताजी पत्रावळ आणली, आणि उपवासाच्या वेगळ्या भांड्यात वेगळ्या पळीनं उकडलेली रताळी माझ्यापुढे ठेवली. वर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी रताळं हातात धरून थक्क होऊन बसले. माझा जीव जातो म्हणून जे भांडं या गावात कुणी वेगळं ठेवत नव्हतं, ते शंकरासाठी आधीपासूनच वेगळं ठेवलेलं होतं. आमच्या लोकांचं हे असं आहे. माणसाच्या गळ्यावर विश्वास नाही, देवाच्या वारावर पूर्ण.

मग मी सुटलेच. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. बुधवारी माझं पोट दुखायचं. चतुर्थी, एकादशी, प्रदोष ही वरकमाई. बघता बघता माझी कीर्ती पंचक्रोशीत पसरली. एवढ्या लहान वयात एवढी भक्ती, आणि तीही आमच्या खाण्यापिण्याच्या जमातीत. बायका तान्ही पोरं माझ्या मांडीवर ठेवायला लागल्या. एकाचा बैल हरवला तर त्यानं मला विचारलं. मी पश्चिमेला बोट दाखवलं, कारण गवत तिकडेच होतं, आणि बैल तिकडेच सापडला. पुढच्या आठवड्यात आमच्या अंगणात नारळांचा ढीग. आत्याला तर आभाळ ठेंगणं झालं. तिनं बोलायला सुरुवात केली की पोरीला दर मंगळवारी पाटावर बसवू, लोकांचे प्रश्न घेऊ, शाळा काय कामाची. आणि गुरुजींच्या त्या बोलण्यानंतर शाळेचं कुणालाच फारसं वाटत नव्हतं. पुढची साठ वर्षं रताळी चघळत पाटावर बसलेली मी मला स्पष्ट दिसायला लागले. एक भीती लपवायला दुसरी पाळली होती, आणि दुसरी पहिलीपेक्षा भराभर वाढत होती.

अशात काशीचं लग्न ठरलं. स्थळ उरणकडचं, मिठागरवाल्यांचं मोठं घर. आज त्या बाजूला द्रोणागिरीची गोदामं आहेत. आमच्यात नवरीबरोबर सासरी पहिले काही दिवस पाठराखीण जाते. धाकटी बहीण किंवा नात्यातली पोर, नवरीच्या शेजारी झोपते, तिच्या ताटात जेवते, नव्या घरात तिला एकटं वाटू देत नाही. आई म्हणाली की हिरूला नको, परक्या घरात हिचं काय करायचं. चुलत्याची मुलगी जाईल. आत्या म्हणाली की हिचे मंगळवार बुडतील. काशी कधी तोंड उघडून काही मागणारी नव्हती, पण तेव्हा हळद कुटणारा हात थांबवून तिनं सांगितलं, "हिरू आली तं मी जाते. नाय तं मी पन नाय."

मला जायचं होतं. किती जायचं होतं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. काशी गेली की माझं भांडं घासणारं त्या घरात कुणी उरणार नव्हतं, हे एक. आणि दुसरं, एकदा या अंगणाबाहेर राहून, जेवून, जिवंत परत आले नाही, तर पाट माझी वाटच बघत होता.

धवलारणीनं, म्हणजे आमच्यात लग्न लावणाऱ्या बाईनं, धवले गात लग्न लावलं, आणि आम्ही शिडाच्या मचव्यातून खाडी ओलांडली. काशी रडत होती, मी गुळाचा खडा चघळत धक्क्याकडे बघत होते. धक्क्यावर ही गर्दी. आरतीचं ताट घेऊन बायका पुढे आल्या आणि नवरीला सोडून मला ओवाळायला लागल्या. माझी कीर्ती माझ्याआधी मचव्यातून उतरली होती. काशीनं डोळे पुसले आणि पदराआडून विचारलं, "नवरी कोन हाय गो? तू का मी?" तिच्या सासूचं नाव भागूबाय. ती दारात उभी राहिली की दार बंद झाल्यासारखं वाटायचं. मिठागरावरचे गडी तिच्या आवाजाला घाबरायचे, आणि मला वाटतं की मीठही तिच्या धाकानं लवकर पिकत असावं. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं, घरात नेलं आणि म्हणाली की माझ्या घरात देवीचं पाऊल लागलं.

पहिली संध्याकाळ दूध आणि केळ्यांवर निभावली. दुसऱ्या दिवशी सकाळी काशीनं कानाशी येऊन सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्या घराची रीत अशी होती की नवी सून आली की बंधाऱ्यावरच्या देवीला निवद न्यायचा, कारण खारं पाणी अडवणारा तो बंधारा तीच राखते. आणि निवद कशाचा, तर सोड्यांचा भात आणि तळलेली कोलंबी. परत आणलेल्या त्या ताटातला पहिला घास नवरी आणि पाठराखीण, दोघींनी एकत्र घ्यायचा. काशी म्हणाली की उपास सांग. मी म्हटलं की निवदापुढं उपास कसला. प्रसादानं तर उपास सुटतो. इतकी वर्षं मी देवांच्या आड लपून देवांना फसवत आले होते, आणि आता एका देवीनं मला नेमकं कोपऱ्यात गाठलं होतं. खाल्लं तर मी त्या ओसरीवर मरणार, आणि तिथून पनवेलचा दवाखाना खाडीपलीकडे. नाही खाल्लं तर काशीच्या संसाराची सुरुवात निवद धुडकावण्यानं, आणि भागूबायच्या घरात असल्या गोष्टी कुणी विसरत नसावं. काशी म्हणाली की मी तुझा घास पदरात घेईन. पण पदराकडे बघायला चाळीस बायका बसणार होत्या.

उन्हं ओसरीवर आली होती. ताट आलं. भाताची वाफ माझ्या तोंडावर आली आणि मी मागे सरकले. भागूबायनं आपल्या हातानं घास केले, एक काशीच्या तोंडात घातला, दुसरा माझ्यापुढे धरला. "घे माझे देवी. उपास सोड."

मी तोंड मिटलं. तिचा हात पुढे होता तसाच राहिला. माझ्या डोक्यातली चौकी नेहमीप्रमाणे वाटा शोधत होती: चक्कर येऊन पडावं, ओकारी आल्याचं दाखवावं, अंगात आल्यासारखं घुमावं. घुमणं मला जमलंही असतं, आणि बायकांनी पायही धरले असते. पण मग पुढं? पाट, नारळ, रताळी. मला एकाएकी त्या सगळ्याचा असा कंटाळा आला की भीतीलासुद्धा तो कंटाळा कळला असावा.

"मी नाय खानार," मी म्हटलं. "मना कोलंबी सोसत नाय. खाल्ली तं गला बंद होतो, मी मरन. उपास मी भ्यावानं सांगते."

कुणीतरी मागून विचारलं, "सोमवारचा पन?"

"सगले वार खोटे हायेत. बुधवारचं पोट पन."

काशी पुढे झाली, सासूच्या पायाशी बसली, आणि मी अंगभर सुजल्याची दोन्ही वेळची कहाणी तिनं खाली बघत एका दमात सांगून टाकली. एक म्हातारी कुजबुजली की देवीचा निवद नाकारला, आता बंधारा राहत नाही. दुसरीनं हुंकार दिला. भागूबायनं तो घास हळूच ताटात परत ठेवला, हात धुतला, पदराला पुसला. मग त्या म्हातारीकडे वळून ती बोलली, आणि मिठागरावर हाक मारावी तशा आवाजात नव्हे, अगदी घरगुती.

"देवीनं निवद कवा चावून खाल्लाय गो आजे? वास घेते न् ताट परत देते. आपुनच खातो. मंग ही पोर पन तसाच करल. वास घेल."

"वास पन लांबूनच," मी म्हटलं. जीभ सैल झाली होती, आता ती कुठली थांबते.

भागूबायचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ती अशी हसली की माझ्या मते बंधाऱ्याला खरा धोका त्याच वेळी होता. तिनं ताट दारापर्यंत मागे नेलं, तिथून मला ओवाळल्यासारखं दाखवलं आणि विचारलं की पोचला का वास. मी म्हटलं पोचला. झालं, निवद झाला. ओसरी हसली, म्हातारीही हसली. आणि मग आणखी एक झालं. भागूबायची थोरली सून, जी तोवर खांबासारखी उभी होती, ती चाचरत बोलली की तिला लग्नापासून मटणाची चरबी जात नाही, ती गुपचूप मांजराला घालते. एक नणंद म्हणाली की तिला कारलं. एक पाहुणी म्हणाली की तिला नवऱ्याच्या हातचं काहीच. भागूबाय कपाळावर हात मारून म्हणाली की इतकी वर्षं ती या घराला वाढते आहे आणि निम्मं घर मांजर जेवतंय.

मग ती माझ्यासमोर फतकल मारून बसली आणि विचारलं, "मंग जेवशील काय?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. काय जेवणार नाहीस हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी काही म्हणायच्या आत काशी बोलली. ती म्हणाली की डॉक्टरांनी त्या दिवशी शेवटी सांगितलं होतं, बाकी मासे खाऊ देत. तिनं ते पाय धरल्या धरल्या ऐकलं होतं, घरी येऊन दोनदा सांगितलंही होतं, पण तेव्हा तिचं कोण ऐकतंय. आणि नंतर मी इतकी भ्यायलेली होते की मला मासा दाखवायची तिची हिंमत झाली नाही. माझ्या कानावर त्या वाक्यानं पहिल्यांदा पाऊल ठेवलं. ज्या कोठडीत मी इतकी वर्षं बसले होते तिचं एक दार उघडंच होतं, आणि कडी मी आतून धरून ठेवली होती.

त्या घरापुढे तळं होतं आणि तळ्यात जिताडे पाळलेले. जिताडा म्हणजे आमच्याकडचा पाहुण्यांचा मासा. जावई आला, साहेब आला, तरच तो तळ्याबाहेर निघतो. भागूबायनं मुलाला जाळं टाकायला सांगितलं आणि मला म्हणाली, "मासा मी काढते. खायाचा का नाय ता तू ठरव. नाय खाल्लास तं माझा मांजर हायच."

मी तिच्यामागोमाग चुलीपाशी गेले आणि विचारायला सुरुवात केली. भांडं कुठलं? तेल कुठलं, कोलंबी तळलेलं तर नाही ना? पळी? पाटा? सुरी? आयुष्यभर मान न वळवता जे चोरून बघत आले ते मी मान वळवून, बोट दाखवून विचारत होते, आणि घरातली सगळ्यांत जबर बाई मुकाट्यानं उत्तरं देत होती. एकदा तिनं पळी पुढे केली, मी मान हलवली, तिनं ती बाजूला फेकून दुसरी राखेनं घासली. कोरं मातीचं भांडं आणलं, मसाला कोऱ्या दगडावर वाटला. काशी दारात उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती की रडत होती, ते मी विचारलं नाही. नेमकं तेवढंच विचारायचं राहिलं. आजच्या आयांना मी एवढंच सांगते की माशाचा असला निवाडा ओसरीवर करू नका, डॉक्टरांकडे तपासणी होते, ती करा. पण पोराला चुलीपाशी उभं राहून विचारू द्या. खारघरच्या त्या पोरानं गेल्या आठवड्यात एका वाढदिवसाला केकवाल्याची अशी उलटतपासणी घेतली म्हणे की त्यानं शेवटी वेष्टणच त्याच्या हातात दिलं. आणि पोरगा जेवून आला.

ताट आलं. दोन बोटांत मावेल एवढा तुकडा मी उचलला, आणि ओसरीवरची बाया-माणसं माझ्या ओठांकडे अशी बघायला लागली जशी पंचमंडळी निकालाकडे बघतात. भागूबायनं नवऱ्याला सांगून मचवा धक्क्याला तयार ठेवला होता, हेही लिहून ठेवते. ती हसरी होती, खुळी नव्हती. मी चावलं. गिळलं. थांबले. गळ्यापाशी मन लावून ऐकलं. एक कोंबडी ओसरीवर आली, कुणीतरी तिला हाकललं. पुन्हा थांबले. काहीच झालं नाही. गळा मोकळाच होता, आणि तोंडात अशी चव होती की मला रागच आला: एवढं सगळं जग जेवत होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरा घास मी विचारून घेतला. तिसरा विचार न करता. चौथ्या घासाला लक्षात आलं की डोक्यातली चौकी ओस पडली आहे आणि मी काशीच्या बांगड्या कशा वाजतात ते ऐकते आहे.

तुकडे संपले. ताटलीत जिताड्याचं डोकं उरलं होतं. आगऱ्याच्या घरात डोकं घरच्या कर्त्याचं, त्यावर कुणी नजरही टाकत नाही. काशीचे सासरे, दाढी खाजवत गप्प बसणारा माणूस, त्या दिवसभरात एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी हात पुढे केला. पण मला त्या दिवशी एक गोष्ट कळली होती, की विचारलं तर मिळतं, आणि नव्यानं कळलेली गोष्ट माणूस लगेच वापरून बघतो.

"बाबा," मी म्हटलं, "डोका मना पायजे."

काशीनं डोळे मिटले. सासऱ्यांचा हात हवेतच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे, मग त्या डोक्याकडे, आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा उसासा टाकून ताटली माझ्याकडे सरकवली.

जिताड्याचं डोकं खायला दोन्ही हात लागतात. मी दोन्ही लावले.